छत्तिसावे दालन

कोणतीही कृती पूर्ण वाचल्याखेरीज तिच्यावर लिहू नये, असे मी गेली वीस-बावीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. हे वाक्य उच्चारताना माझा आवाज गरजेपेक्षा थोडा अधिक चढतो. विद्यार्थ्यांना ती शिस्त वाटत असावी. प्रत्यक्षात ते एका जुन्या लबाडीचे ओझे आहे, आणि ते कुठेतरी उतरवावे म्हणून हा लेख.

२००१ साली, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात 'हिंसेचे रंजन' नावाचा एक लेख लिहिला. विषय होता हाँगकाँगचे कुंग-फू चित्रपट. त्या वयात असते तशी भाषा होती. कलावादी आणि जीवनवादी अशा दोन्ही पक्षांची शस्त्रे मी एकाच वेळी परजली होती. या चित्रपटांना कथानक नसते, व्यक्तिरेखा नसतात, असते ती केवळ मारामाऱ्यांची माळ आणि त्या माळेला सूडाचा दोरा, असा एकूण सूर. उदाहरणादाखल पाच-सहा चित्रपटांची नावे दिली होती. त्यांत 'मास्टर किलर' हेही एक होते. प्राध्यापकांनी पाठ थोपटली. अंक घरी आणला तो आमच्या दादानेही वाचला.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, धंद्याने सुतार. दहिवलीत आमची घरे एकाच अंगणात आहेत. लेख वाचून त्याने अंक मिटला, त्यावरचा भुसा झटकला आणि म्हणाला, "चांगलं लिवलंयस. पण मास्टर किलर तू पुरा कुठं बघितलास? बादल्यांपाशी झोपला व्हतास ना."

मी काहीतरी उत्तर दिले. एवढे सगळे पाहावे लागत नाही, त्या प्रकारातला एक पाहिला की सगळे कळतात, असे काहीसे. तो हसला नाही, वादही घातला नाही. रंधा उचलून कामाला लागला. पुढे अनेक परिसंवादांत अनेकांनी माझे मुद्दे खोडून काढले. त्यांतला एकही आज आठवत नाही. हे मात्र विसरता आले नाही, कारण ते खरे होते. मी खरोखरच बादल्यांपाशी झोपलो होतो.

ती रात्र १९८८ च्या गणेशोत्सवातली. त्या काळी आमच्याकडे गणपतीत व्हिडिओ आणण्याची पद्धत होती. वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, कर्जतच्या बाजारातून तीन कॅसेटी घ्यायच्या आणि रात्रभर पाहायच्या. पहिला चित्रपट धार्मिक किंवा कौटुंबिक. तो संपला की बायकामाणसे उठत. दुसरा हिंदी मारधाडीचा. तिसरा, पहाटेच्या सुमाराचा, 'चायनीज पिक्चर'. त्याची भाषा कोणती हा प्रश्नच नव्हता. मूळची कँटनीज किंवा मँडरिन, वरून विचित्र सुरात चढवलेली इंग्रजी. ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. आमच्यापैकी कोणालाच इंग्रजी कळत नव्हते. म्हणून दादा गोष्ट सांगे. टीव्हीच्या बाजूला उकिडवा बसून, पात्रे बोलू लागली की तो त्यांच्या वतीने मराठीत बोलायचा. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट समजावून देणारा माणूस असे, जपानमध्ये तर त्याला 'बेन्शी' असे नाव आणि मोठा मान होता, हे मला पुढे पुस्तकांतून कळले. दहिवलीचा बेन्शी मात्र मी त्याआधीच ऐकलेला होता.

त्या रात्री दादाने सांगितले, की हा जो मठाचा मुख्य भिक्षू आहे ना, तो हिरोचा सख्खा मामा आहे. मामाने त्याला ओळखले आहे, पण ओळख देत नाही. आम्ही ताठ बसलो. मग हिरो बादल्या घेऊन चढण चढू लागला. दादा गप्प झाला. एरवी घोड्याच्या खिंकाळण्याचेही भाषांतर करणारा दादा त्या प्रसंगांत एक शब्द बोलला नाही, आणि गोष्ट थांबली म्हणून मी झोपलो.

यानंतर एकदम २०२०. टाळेबंदीच्या त्या एप्रिल-मेमध्ये कर्जत स्थानकाचा आवाज बंद झाला होता. घाट चढण्यासाठी गाड्यांना मागून जोडली जाणारी बँकर इंजिने, त्यांचे हुंकार, लोकलच्या घोषणा, हे सगळे आमच्या दिवसाचे घड्याळ होते आणि ते थांबले. दादाचे कामही थांबले. फार्महाउसांच्या दारे-खिडक्यांची चार कामे अर्धवट राहिली होती. मी ऑनलाइन तासांनी कंटाळलेलो. एका संध्याकाळी तो ओटीवर येऊन बसला असता मी लॅपटॉप उघडला आणि विचारले, "मास्टर किलर बघायचा का?"

त्या चित्रपटाचे रूढ इंग्रजी नाव 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'. १९७८ चा, शॉ ब्रदर्सचा. दिग्दर्शक लाऊ कार-लेउंग, नायक गॉर्डन लिऊ. इंग्रजी उपशीर्षके होती. पण दादाला इंग्रजी तितक्या वेगाने वाचता येत नाही, म्हणून आता मी सांगू लागलो. मुख्य भिक्षू आला तसे मी म्हणालो, "दादा, हा मामा नाहीये."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "पोरं पेंगायला लागली व्हती, म्हणून मामा घातला."

कथनमीमांसेवरची जी काही पुस्तके मी शिकवतो त्यांत श्रोत्याच्या डुलकीला इतके नेमके स्थान कोणी दिलेले मला आढळले नाही. असो.

चित्रपट असा आहे. मांचू राजवटीच्या विरोधात गुप्तपणे काम करणाऱ्या एका शिक्षकाच्या शाळेतला तरुण विद्यार्थी. शिक्षक आणि सोबती मारले जातात. तो जखमी अवस्थेत शाओलिन मठापर्यंत पोहोचतो, तिथे भिक्षू होतो, सान ते हे नाव घेतो. मठात पस्तीस दालने आहेत आणि प्रत्येकात एक विद्या शिकवली जाते. कोणत्या दालनापासून सुरुवात करतोस, असे विचारल्यावर तो अर्थातच सर्वांत वरचे निवडतो. तिथे काही वृद्ध भिक्षू सूत्रपठण करत बसलेले आहेत. एवढेच. त्याला काही उमगत नाही, आणि तो तिथून अक्षरशः बाहेर फेकला जातो. मग सर्वांत खालून आरंभ. भोजनगृहाकडे जाण्याच्या वाटेवर पाणी, पाण्यावर तरंगती लाकडे. त्यांवर पाय देऊन पलीकडे गेले तर जेवण, पडले तर ओल्या कपड्यांनिशी उपास. त्यानंतर बादल्या. हात आडवे पसरून पाणी वाहायचे, दंडांना पाती बांधलेली. हात जरा खाली आले की टोक बरगडीत. मग लांब दांड्याच्या टोकाला जड वजन, आणि केवळ मनगटाच्या बळावर घंटेवर ठरलेल्या तालात टोले. मग डोके स्थिर ठेवून नुसत्या बुबुळांनी हलत्या ज्योतीचा पाठलाग, दोन्ही कानशिलांशी जळत्या उदबत्त्या.

चित्रपटाचा जवळजवळ निम्मा वेळ या शिकण्याने व्यापलेला आहे. त्यात शत्रू नाही, सूड नाही, प्रेमप्रकरण नाही. 'मारामाऱ्यांची माळ' असे मी ज्याला म्हटले होते, त्याच्या मध्यभागी मारामारीच नव्हती. वीस वर्षांपूर्वी लिहिलेले वाक्य इतक्या सरळपणे खोटे ठरताना पाहणे हा चमत्कारिक अनुभव असतो. मला त्या क्षणी पडद्यापेक्षा शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहण्याचे धैर्य होत नव्हते.

दादा बादल्यांच्या प्रसंगात या वेळीही गप्प होता. नंतर, चहा घेताना, त्याने जे सांगितले ते मला घरातलेच असून माहीत नव्हते. काकांनी त्याला दहावीनंतर हाताखाली घेतले तेव्हा पहिले वर्षभर लाकडाला हात लावू दिला नाही. फक्त धार. रंध्याची पाती, पटाश्या, वाकस. दगडावर पाणी टाकून घासायचे आणि काकांना दाखवायचे. काका नखावर पाते टेकवून पाहत आणि काही न बोलता परत देत. दुसऱ्या वर्षी करवतीचे दुसरे टोक. ओढायचे नाही, नुसते सोबत जायचे. ओढले की काप वाकडा. १९८८ साली तो हे दुसरे टोक धरत होता. गणपतीच्या त्या पहाटे टीव्हीवर त्याने पाहिले ते हे.

"मला वाटलं, ह्यांना कुणी सांगितलं?" तो म्हणाला.

'कुंग-फू' या शब्दाचा मूळ अर्थ युद्धकला असा नाहीच. वेळ आणि कष्ट खर्चून अंगी आणलेले कौशल्य, असा तो आहे. चांगल्या आचाऱ्याचे असते तेही कुंग-फू, सुलेखनकाराचे असते तेही. मराठीत त्याला काय म्हणावे याचा मी पुष्कळ विचार केला. 'साधना' फार उंच आहे, 'सराव' फार शाळकरी. 'रियाज' गाण्याला चिकटलेला. 'हातोटी'मध्ये कष्ट दिसत नाहीत. जवळचा शब्द वाटतो तो 'मुरणे'. पण मुरणे हे लोणच्याप्रमाणे आपोआप घडते आणि इथे तर कोणीतरी रोज बरणी हलवतो आहे. दादाला विचारले तर तो म्हणाला, "हात बसणं." मी वही काढून लिहून घेतले.

या चित्रपटानंतर आम्हांला नाद लागला. टाळेबंदी उठली तरी रविवारची संध्याकाळ ठरलेली राहिली. मी टिपणे काढू लागलो आणि हळूहळू लक्षात येऊ लागले, की ज्याला मी एक 'प्रकार' म्हणून निकालात काढले होते त्यात घराणी आहेत, वाद आहेत, परंपरा आहे. लाऊ कार-लेउंग यांचेच पाहा. त्यांचे वडील आणि गुरू लाऊ चाम. ते लाम साय-विंग यांचे शिष्य. आणि लाम हे कँटनच्या वाँग फे-हुंग या ऐतिहासिक पुरुषाचे शिष्य. या वाँग फे-हुंगवर हाँगकाँगमध्ये १९४९ पासून जी चित्रपटमालिका निघाली तिच्यात एकट्या क्वान ताक-हिंग या नटाने सत्तरहून अधिक वेळा ती भूमिका केली. म्हणजे आपल्या आजेगुरूच्या गुरूवर निघणाऱ्या चित्रपटांच्या जगात वाढलेला माणूस पुढे दिग्दर्शक होतो, आणि ज्या गॉर्डन लिऊला तो नायक करतो तो त्याच्या वडिलांच्याच हाताखाली शिकलेला असतो. आपल्याकडे ख्यालगायकीचा इतिहास सांगताना आपण हेच आदराने सांगतो.

घराण्यांचे भेद मला आधी रसव्यवस्थेतून कळले, हे मान्य केले पाहिजे. सवय जात नाही. वीराचा स्थायीभाव उत्साह आणि रौद्राचा क्रोध, हा भेद भरताने केला. परीक्षेत आपण तो दोन गुणांसाठी विचारतो. पण ब्रूस ली आणि गॉर्डन लिऊ पाठोपाठ पाहिले तर तो भेद अंगावर येतो. 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२) हा निखळ रौद्र चित्रपट आहे. गुरूच्या मृत्यूने पेटलेला शिष्य, परक्यांच्या सत्तेखालचे शांघाय, आणि प्रत्येक प्रहारानंतर त्या चेहऱ्यावर येणारे, जवळजवळ रडण्यासारखे काहीतरी. २० जुलै १९७३ रोजी हा माणूस बत्तिसाव्या वर्षी गेला, आणि ज्याने तो जगभर पोहोचला तो 'एंटर द ड्रॅगन' त्यानंतर प्रदर्शित झाला. तो चित्रपट मला आजही बेताचाच वाटतो. आरशांच्या खोलीतला शेवट सोडला तर बाकीचा भाग त्या काळच्या हेरपटांची उसनवारी आहे. पण ब्रूस ली उभा राहिला की बाकीची चौकट बाद होते, हे खरे. सान ते मात्र क्रोधाने मठात येतो आणि उत्साहाने बाहेर पडतो. बदल कुठे झाला ते दाखवलेले नाही. बादल्यांत कुठेतरी झाला.

मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मी कवितेच्या तासाला फळ्यावर लिहितो आणि वर्ग अंधारतो. यंदा मी जॅकी चॅनच्या 'ड्रंकन मास्टर'मधला (१९७८) एक द्वंद्वप्रसंग दाखवला. यातले नट आणि मारामाऱ्या रचणारे अनेक जण पेकिंग ऑपेराच्या शिस्तीत तयार झालेले. त्यामुळे प्रहार-अडवणूक-प्रहार, आणि मग क्षणभर गोठलेली मुद्रा, हे सगळे तालवाद्याच्या बोलांवर बसते. ती गोठलेली मुद्रा म्हणजे सम. दशावतारातले युद्ध पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. वर्ग त्या दिवशी अंधारला नाही. पण मर्ढेकर कळले, की जॅकी चॅन आवडला, हे उत्तरपत्रिका तपासल्यावरच समजेल.

सगळेच चांगले होते असे मात्र नाही. मांचू खलनायक बहुधा पुठ्ठ्याचे असतात. विनोद अनेकदा ओंगळ असतो. आणि चांग चेह या दिग्दर्शकाच्या चित्रपटांतले रक्त मला आजही सोसत नाही, माझा १९८८ चा मित्रपरिवार त्याच रक्तासाठी जागा राहत असे तरी. 'थर्टी-सिक्स्थ चेंबर'चा शेवटचा भागही घाईचा आहे. इतक्या सबुरीने शिकलेला माणूस बाहेर येऊन पटापट हिशेब चुकते करतो, जणू दिग्दर्शकाला कोणीतरी गाडीची वेळ झाल्याचे सांगितले. आणि बोधिधर्माने भारतातून शाओलिनला ही विद्या नेली, असे आपल्याकडे छाती फुगवून सांगितले जाते, त्याबद्दलही जपून बोलावे. मठाची स्थापना इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस एका भारतीय भिक्षूसाठी झाली, हे परंपरेने नोंदवले आहे; पण त्याचे नाव बोधिधर्म नव्हते, आणि बोधिधर्माचा व्यायाम-युद्धकलेशी जोडलेला संबंध सतराव्या शतकातल्या एका ग्रंथापासून रूढ होत गेला. आमच्या तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. मुलांना तिथे सहलीला नेले, की इथले भिक्षूही कराटे खेळत का, असा प्रश्न हमखास येतो. उत्तर देताना माझी निराशा मुलांपेक्षा अधिक असते.

चांग चेह यांचाच 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' (१९६७) आम्ही पाहिला तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. गुरूच्या रागीट मुलीने उजवा हात तोडलेला नायक अर्धवट जळलेल्या एका पोथीवरून, वडिलांच्या मोडक्या तलवारीने, डाव्या हाताने लढायला शिकतो. प्रतीकांचा एवढा मोठा ऐवज पाहून मी टिपणवही भरत सुटलो होतो. मोडकी तलवार, जळकी पोथी, खंडित परंपरा. दोन पाने झाली. चित्रपट संपल्यावर दादाला विचारले, कसा वाटला?

"येवढ्या लवकर डावा हात बसत न्हाय," तो म्हणाला.

२००८ साली कटर मशीनवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्यानंतर पटाशी डाव्या हातात घ्यायला त्याला किती दिवस लागले, हे मी विचारले नव्हते. तेव्हा मी नेट-सेटच्या आणि पीएच.डी.च्या नादात होतो. भेटायला गेलो, पेढे-फळे नेली, 'होईल हळूहळू' म्हणालो. आता विचारले. अडीच वर्षे, तो म्हणाला. पहिले वर्ष नुसती धार लावली. पुन्हा पहिल्यापासून. काका तेव्हा हयात होते आणि नखावर पाते टेकवून पाहत होते.

त्या चित्रपटावरची माझी दोन पाने मी फाडली नाहीत. ती वाईट नाहीत. त्यांच्याखाली दादाचे वाक्य लिहिले. त्या चित्रपटाबद्दल यापेक्षा नेमका आक्षेप मला सुचलेला नाही. नायकाचे अपंगत्व प्रतीक म्हणून लगेच कामाला लागते, आणि हाताला जो वेळ लागतो तो चित्रपट देत नाही. लाऊ कार-लेउंग या चित्रपटाच्या युद्धरचनेत होते. दहा-अकरा वर्षांनी स्वतःच्या चित्रपटात त्यांनी बादल्यांना जो वेळ दिला, तो जणू याच आक्षेपाचे उत्तर म्हणून दिला असावा, असे मला वाटते. पुरावा नाही.

शेवटी छत्तिसाव्या दालनाविषयी. पस्तिसही दालने पार केलेल्या सान तेला मठ विचारतो, यांपैकी कोणत्याचा प्रमुख होतोस? तो म्हणतो, मला छत्तिसावे हवे, मठाबाहेरच्या सामान्य माणसांना शिकवण्यासाठी. हा नियमभंग आहे. म्हणून शिक्षा म्हणून त्याला दान गोळा करायला बाहेर पाठवले जाते, आणि बाहेर पडून तो शिकवू लागतो. मुख्य भिक्षूला हे व्हायला हवेच होते की काय, हे चित्रपट स्पष्ट करत नाही. उपशीर्षकातल्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर करताना माझ्या तोंडून 'शिक्षा' हा शब्द सहज निघून गेला आणि मी अडखळलो. संस्कृतात ज्याचा अर्थ शिकवणे, तोच शब्द मराठीत येता येता दंड झाला. इथे तो दोन्ही अर्थांनी एकदम उभा होता. विश्वनाथाच्या वर्गीकरणात याला युद्धवीर म्हणावे की दानवीर, असाही एक प्रश्न मनात आला. शके १२१२ मध्ये नेवाशाला गीतेचे जे झाले तेही आठवले. मोठा लेख होईल, असे वाटून मी हे सगळे उत्साहाने दादाला सांगू लागलो.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "तू बाहेर कोणाला शिकवतोस?"

खोचून विचारले नव्हते. त्याला खरेच माहिती हवी होती. त्याच्याकडे वाडीवरची दोन मुले हाताखाली आहेत, त्यांतला एक बारावीला मराठीत नापास झाला होता आणि त्याला परत बसायचे होते. तो मुलगा त्यानंतर पाच-सहा महिने संध्याकाळी येत असे. हाताला भुशाचा वास, वाचनाचा वेग बेताचा. मी त्याला पहिल्या दिवशी थेट रसग्रहण करायला लावले, आणि तिसऱ्या दिवशी तो आला नाही. दादाकडे चौकशी केली तर म्हणाला, "वरच्या दालनात कशाला घातलंस त्याला?" मग आम्ही खालून सुरुवात केली. मोठ्याने वाचणे. फक्त तेवढेच, महिनाभर. तो पास झाला, पंचेचाळीस गुणांनी.

वार्षिक अंकातला तो लेख ग्रंथालयातल्या बांधीव खंडात अजून आहे. मध्यंतरी काढून पाहिला. भाषा बरी आहे. समासात पेन्सिलीने 'मूळ चित्रपट पाहिलेला नाही' असे लिहून खाली सही केली. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये, हेही मी वर्गात सांगत असतो.

येत्या रविवारी किंग हू यांचा 'अ टच ऑफ झेन' (१९७१) लावायचा आहे. फू सुंगलिंगच्या जुन्या गोष्टीवर आधारलेला, कान महोत्सवात १९७५ साली तांत्रिक पुरस्कार मिळवलेला, बांबूच्या वनातल्या युद्धासाठी विख्यात. दादाला आधीच कल्पना दिली, की लांबी तीन तासांची आहे आणि पहिली लढाई यायला तासभर जातो.

"तासभर?" तो म्हणाला. "मग मामा तयार ठेव."